बदलीत सेवाज्येष्ठता कशी मोजतात? सोलापूर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बदल्यांचे वेळापत्रक लागले की पंचायत समितीच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडते: “सीनियर मी, मग शाळा त्यांना कशी मिळाली?” बहुतेक वेळा दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसते. एकजण नेमणुकीची तारीख धरून बोलत असतो, दुसरा सध्याच्या शाळेत काढलेली वर्षे मोजत असतो आणि शाळा मिळालेली असते ती तिसऱ्याच कारणाने. बदलीत ‘ज्येष्ठता’ म्हणून एकच आकडा कुठे लिहिलेला नसतो. तीन तारखांवरून तीन हिशोब होतात आणि त्याही आधी तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात हे पाहिले जाते. हे चारही वेगळे काढता आले, तर आपला नंबर साधारण कुठे लागतो हे घरबसल्या कळते. कुठे चूक झाली असेल तर तीही वेळेत सापडते.

हा लेख जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्यांपुरता आहे. या बदल्यांची आजची पद्धत ग्रामविकास विभागाच्या २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने सुरू झाली. पुढे ७ एप्रिल २०२१ आणि १८ जून २०२४ च्या निर्णयांनी ती सुधारली. सोलापूर महापालिकेच्या शाळांना हे धोरण लागू नाही. खासगी अनुदानित शाळांची ज्येष्ठता १९८१ च्या खासगी शाळा कर्मचारी नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ प्रमाणे ठरते, तिचा इथे संबंध नाही. शेजारच्या हायस्कुलातील मित्राने सांगितलेला नियम म्हणूनच इथे चालत नाही.

तीन तारखा

पहिली तारीख जिल्हा परिषदेच्या सेवेत शिक्षक म्हणून हजर झाल्याची. सेवाज्येष्ठता हिच्यावरून. एकाच टप्प्यातल्या दोघांनी एकच शाळा मागितली, तर जुन्या तारखेचा पुढे.

दुसरी तारीख क्षेत्राची. धोरणात शाळांचे दोन भाग आहेत, सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र. सध्याच्या क्षेत्रात शिक्षकाची सलग सेवा किती वर्षांची झाली हे या तारखेवरून मोजतात. सर्वसाधारण क्षेत्रातल्या एका शाळेतून त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या शाळेत गेलात, तर ही सेवा तुटत नाही, पुढे चालू राहते.

तिसरी तारीख सध्याच्या शाळेत हजर झाल्याची. प्रत्येक बदलीला ही नव्याने सुरू होते.

यांची कामे निरनिराळी आहेत. तुम्ही प्रक्रियेत येता की नाही, ते दुसरी आणि तिसरी तारीख सांगतात. आत आल्यावर रांगेत कितवे, ते पहिली. सर्वसाधारण क्षेत्रात एकूण १० वर्षे सलग सेवा आणि सध्याच्या शाळेत ५ वर्षे, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की शिक्षक ‘बदलीस पात्र’ होतो. अवघड क्षेत्रात ३ वर्षे सलग काढली की तो ‘बदली अधिकार प्राप्त’ होतो. पात्र म्हणजे ज्याची बदली करता येते तो, अधिकार प्राप्त म्हणजे ज्याला बदली मागता येते तो. बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि अर्जातली निम्मी गडबड तिथेच होते.

हिशोब करून पाहू. सेवा मोजण्याची तारीख त्या वर्षीच्या आदेशात दिलेली असते, ती आधी वाचा. समजा ती ३१ मे २०२५ आहे. मोहोळ तालुक्यातील एक शिक्षक १२ जुलै २००६ ला सेवेत आले, सगळी नोकरी सर्वसाधारण क्षेत्रात झाली आणि सध्याच्या शाळेत १६ जून २०१८ ला हजर झाले. क्षेत्रातील सेवा १८ वर्षे १० महिने, शाळेतील ६ वर्षे ११ महिने. दोन्ही अटी पुऱ्या, म्हणून ते बदलीस पात्र. त्यांच्याच बरोबर २००६ ला लागलेल्या दुसऱ्या शिक्षिका २०२२ च्या जुलैत सध्याच्या शाळेत आल्या. क्षेत्रातील सेवा तेवढीच, पण शाळेत ३ वर्षेही झालेली नाहीत. त्या पात्र यादीत येणार नाहीत. सेवाज्येष्ठता दोघांची सारखी असूनही एकाचे नाव यादीत आहे, दुसऱ्याचे नाही, आणि दोन्ही बरोबर आहे.

नंबराच्या आधी टप्पा

सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. संगणक सगळ्या शिक्षकांची एक मोठी रांग लावत नाही. आधी टप्पे लावतो आणि प्रत्येक टप्प्याच्या आत ज्येष्ठता पाहतो. क्रम असा आहे: विशेष संवर्ग भाग १, मग विशेष संवर्ग भाग २, मग बदली अधिकार प्राप्त, मग बदलीस पात्र, त्यानंतर विस्थापित (ज्यांची जागा गेली पण पसंतीची शाळा मिळाली नाही ते), आणि शेवटी अवघड क्षेत्रातील उरलेल्या रिक्त जागा. त्यामुळे २०१४ ला लागलेली पण भाग १ मधली शिक्षिका २००१ ला लागलेल्या बदलीपात्र शिक्षकाच्या आधी शाळा घेते. यात ज्येष्ठता डावलली जात नाही, कारण दोघे एका रांगेत कधी उभेच नव्हते.

भाग १ मध्ये दिव्यांग, पक्षाघात, कर्करोग, हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस यांसारखी कारणे, विधवा, परित्यक्ता व घटस्फोटित शिक्षिका, वयाची ५३ वर्षे पूर्ण झालेले, आजी-माजी सैनिकांच्या पत्नी असे गट येतात. या भागात आधी शासन निर्णयात दिलेला गटांचा क्रम पाहिला जातो आणि एकाच गटात दोघे असतील तर ज्येष्ठता. म्हणून ५३ वर्षांच्या आधारे अर्ज करणाऱ्याने केवळ आपली सेवा २८ वर्षांची आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. क्रमात वर असलेल्या गटातला कमी सेवेचा शिक्षक त्याच्या पुढे जाऊ शकतो.

भाग १ मधल्यांना आणखी एक गोष्ट करावी लागते. स्वतः बदलीपात्र यादीत असाल आणि आहे तिथेच राहायचे असेल, तर बदलीच्या ऑनलाइन पोर्टलवर नकार नोंदवावा लागतो. तो मुदतीत नोंदवला नाही तर इतर बदलीपात्रांसारखीच तुमची जागा खुली होते. प्रमाणपत्र कपाटात असून उपयोग नाही, होकार किंवा नकार पोर्टलवर दिसला पाहिजे.

भाग २ म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरण. दोघांच्या शाळा वा कार्यालयांमधले अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असावे लागते. पंढरपूर गावात एक आणि मंगळवेढा गावात दुसरा असेल तर अंतर ३० च्या आत राहते, हा लाभ मिळत नाही. सोलापूर शहर आणि बार्शी असेल तर मिळतो. अडचण मधल्या जोड्यांची. एकजण सांगोला तालुक्यातल्या वाडीवर, दुसरा पंढरपूर तालुक्यात, आणि अंतर २९ की ३१ यावर सगळे अडलेले. अशा ठिकाणी मोबाईलच्या नकाशावरचा आकडा कामाचा नाही, बांधकाम विभागाचा दाखला लागतो. दाखल्यावर कोणत्या रस्त्याने अंतर मोजले ते लिहून घ्या. जवळचा रस्ता सोडून लांबचा धरला अशी हरकत हमखास येते.

विशेष संवर्गातून बदली घेतली की पुढची ३ वर्षे विनंती बदलीचे दार बंद होते. जागा पसंत नसताना केवळ संधी आहे म्हणून ती वापरू नये.

‘खो’ म्हणजे नेमके काय

निवडता येणाऱ्या जागा दोन प्रकारच्या. निव्वळ रिक्त, म्हणजे जिथे आज कोणी नाही. आणि संभाव्य रिक्त, म्हणजे जिथे बदलीपात्र शिक्षक बसलेला आहे. समानीकरणासाठी, म्हणजे रिक्त पदे सगळ्या तालुक्यांत सारखी वाटली जावीत म्हणून, जी पदे मुद्दाम रिकामी ठेवायची ठरलेली असतात ती मागता येत नाहीत. आधीच्या टप्प्यातल्या कोणी तुमची जागा मागितली आणि त्याला ती मिळाली, तर तुम्हाला खो बसला. जो बदलीपात्र नाही त्याला खो देता येत नाही, मग तो कितीही कनिष्ठ असो. “ते तर २०१५ चे आहेत, त्यांची जागा मला का दाखवत नाही?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा एवढेच असते की त्यांची त्या शाळेत ५ वर्षे झालेली नाहीत.

अवघड क्षेत्र आणि आपला जिल्हा

शाळा अवघड ठरायला सात निकषांपैकी किमान तीन पूर्ण व्हावे लागतात. त्यातले काही सोलापूरला मुळातच लागू पडत नाहीत. २००० मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाचा निकष कोकण-महाबळेश्वरकडचा, आपला जिल्हा तर कमी पावसाचा. पेसा क्षेत्रही (अनुसूचित आदिवासी क्षेत्र) सोलापूरात नाही. मग उरतात ते मुख्यतः वाहतुकीच्या रस्त्याचा अभाव, मोबाईल संपर्क नसणे, महामार्गापासून १० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर, वन्यप्राण्यांचा उपद्रव आणि डोंगरी भाग. यातल्या रस्ता आणि संपर्क या बाबी तीन-चार वर्षांत बदलतात. नवा टॉवर उभा राहतो, वस्तीला डांबरी रस्ता होतो आणि शाळा यादीतून बाहेर पडते. म्हणून मागच्या वेळची यादी पाहून बेत आखू नका. त्या बदली वर्षाची जाहीर यादी घ्या आणि शाळेचे नाव न पाहता यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) जुळवा. आपल्या जिल्ह्याचे क्रमांक २७३० ने सुरू होतात. एकाच नावाच्या वस्ती शाळा प्रत्येक तालुक्यात आहेत, नावावर गेलात तर भलतीच शाळा हाती लागते.

तारखा सारख्या आल्या तर

मोठ्या भरतीत शेकडो शिक्षक एकाच दिवशी हजर झालेले असतात. तेव्हा वयाने मोठा असलेला पुढे. जन्मतारीखही एकच निघाली, तर आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराचा क्रम. यामुळे पोर्टलवरच्या नावाच्या स्पेलिंगला महत्त्व येते. ‘वाघमारे’ काही ठिकाणी व्ही ने तर काही ठिकाणी डब्ल्यू ने लिहिलेले असते. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत जे स्पेलिंग आहे तेच प्रोफाइलमध्ये असू द्या.

तुलना नेहमी समान पद आणि समान माध्यमात होते. उपशिक्षकाची तुलना उपशिक्षकाशी, पदवीधर शिक्षकाची त्याच विषयगटाच्या पदवीधराशी, मुख्याध्यापकाची मुख्याध्यापकाशी. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या कन्नड माध्यमाच्या जागेसाठी मराठी माध्यमाचा शिक्षक ज्येष्ठ असला तरी स्पर्धेत नाही. उलट कन्नड माध्यमाच्या बाईंचे माध्यम चुकून ‘मराठी’ पडले, तर त्यांना माळशिरस-करमाळ्याच्या शाळा दिसतील आणि स्वतःच्या तालुक्यातली शेजारची शाळा दिसणार नाही.

दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्यांसाठी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर अशा जिल्ह्यांत अनेक वर्षे काढून स्वजिल्ह्यात परतलेले शिक्षक आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्यासाठी नियम कठोर आहे. आंतरजिल्हा बदलीने येताना आधीची ज्येष्ठता सोडावी लागते. नव्या जिल्ह्याच्या यादीत, आल्या दिवशी जे कोणी त्या संवर्गात काम करत आहेत त्या सर्वांच्या खाली नाव लागते. वेतन, वेतनवाढी आणि निवृत्तिवेतनासाठी जुनी सेवा कायम असते, जाते ती फक्त ज्येष्ठता. २००४ ला रत्नागिरीत लागून २०१९ ला सोलापुरात आलेला शिक्षक इथल्या यादीत २०१९ च्या तारखेने उभा राहतो, २०१२ ला इथेच लागलेल्याच्या मागे. प्रोफाइलमध्ये सेवेत प्रथम नेमणूक आणि सध्याच्या जिल्ह्यात हजर झाल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्हींत एकच तारीख टाकलेली असेल तर तक्रार निश्चित येते आणि ऐन बदलीच्या आठवड्यात ती निस्तरावी लागते.

प्रोफाइल कसे तपासावे

बदली पोर्टलवर मोबाईल क्रमांक आणि ओटीपीने प्रवेश होतो. जुने सिमकार्ड बंद केले असेल तर ते काम आधी उरका, क्रमांक बदलायला वेळ जातो. मग सेवापुस्तक समोर घेऊन बसा. आठवणीवर एकही तारीख भरू नका.

१. पहिल्या नेमणुकीचा आदेश आणि हजर अहवाल काढा. आदेशाची तारीख आणि हजर झाल्याची तारीख यांत कधी चार दिवसांचे, कधी पंधरा दिवसांचे अंतर असते. हजर दिनांक धरायचा. शिक्षण सेवक म्हणून लागलेल्यांच्या सेवापुस्तकात तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणीत आल्याची दुसरी तारीखही असते. तुमच्या भरतीतल्या इतर सहकाऱ्यांची कोणती तारीख पोर्टलवर घेतली आहे ते विचारा. एकाच आदेशाने लागलेल्या दोघांच्या तारखांत ३ वर्षांचा फरक दिसला, तर लेखी दुरुस्ती मागा.

२. प्रत्येक बदलीचा आदेश, कार्यमुक्ती आणि हजर अहवाल क्रमाने लावा आणि कागदावर एक साधा तक्ता करा: शाळा, यू-डायस क्रमांक, क्षेत्र, कधीपासून, कधीपर्यंत. या तक्त्यात दोन शाळांच्या मध्ये मोकळे दिवस दिसले तर ते कशाचे ते लिहा. रजा, निलंबन, आदेशाची प्रतीक्षा, जे असेल ते.

३. सध्याच्या शाळेची तारीख. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. तात्पुरत्या कामगिरीवर दुसऱ्या शाळेत गेलेला शिक्षक तिथली तारीख टाकतो. कामगिरीचा आदेश म्हणजे बदली नव्हे. पद आणि पगार जिथे आहे ती मूळ शाळा आणि तिथली हजर तारीख धरायची. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उपशिक्षकाचा पदवीधर झाल्यावर शाळा तीच राहिली म्हणून तारीखही जुनीच ठेवणे, किंवा उलट विनाकारण नवी टाकणे. पदस्थापनेच्या आदेशात काय लिहिले आहे ते वाचून गटशिक्षण कार्यालयाकडून खात्री करा.

४. जन्मतारीख, पद, विषय, माध्यम, क्षेत्र, मागच्या बदलीचा प्रकार. मागची बदली विशेष संवर्गातून झाली होती की बदलीपात्र म्हणून, यावर ३ वर्षांची अट लागू होते की नाही ते ठरते.

५. पडताळणी झाल्यावर प्रोफाइलची छापील प्रत काढा आणि तारीख टाकून ठेवा.

माहिती चुकलेली असेल तर ती आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या लॉगिनवर जाते. तिथे मान्य झाली नाही तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे दाद मागता येते. प्रत्येक पायरीला मोजकेच दिवस असतात. तोंडी सांगून, फोन करून किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून काम झाले असे समजू नका. माहिती लॉक झाल्यावर तुमच्या हातात दाखवायला कागद हवा.

आपला नंबर आधीच काढा

पसंतीक्रम ३० शाळांपर्यंत देता येतो. तो अंदाजाने भरणारे नंतर पस्तावतात. जिल्हा लांबरुंद आहे. करमाळ्याच्या टोकापासून अक्कलकोटच्या टोकापर्यंत दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते. पसंती संपली आणि जागा मिळाली नाही, तर विस्थापित टप्प्यात जे उरेल ते घ्यावे लागते.

म्हणून असे करा. याद्या जाहीर झाल्या की आपल्या पद-माध्यमाची बदलीपात्र यादी उतरवून घ्या आणि पहिल्या तारखेने क्रम लावा. आपल्या वर किती जण आहेत ते मोजा. मग ज्या तालुक्यात जायचे त्या तालुक्यातल्या निव्वळ आणि संभाव्य रिक्त जागा मोजा. भाग १, भाग २ आणि अधिकार प्राप्त टप्प्यांतले जे त्याच भागात येऊ पाहतात, तेवढ्या जागा त्यातून वजा करा. समजा उत्तर सोलापुरात अशा १८ जागा उरल्या आणि तुमच्या वर असलेल्यांपैकी ४० जण तिथलेच इच्छुक आहेत, तर ३० पैकी ३० पसंती शहरालगतच्या शाळांना देण्यात अर्थ नाही. पहिल्या ८-१० तिथे द्या, पुढच्या १०-१२ मोहोळ किंवा दक्षिण सोलापुरात बसने रोज ये-जा होईल अशा शाळा, आणि शेवटच्या ८-१० अशा की ज्या नक्की मिळतील आणि ज्यांच्यावर तुम्ही ५ वर्षे काढू शकाल. पसंती वर लिहिली म्हणून ज्येष्ठता वाढत नाही. तुमच्या पुढचा माणूस तीच शाळा तिसाव्या क्रमांकावर मागूनही घेऊ शकतो, जर त्याच्या वरच्या एकोणतीस गेल्या असतील.

वर सांगितलेल्या शेवटच्या टप्प्यात, अवघड क्षेत्रातील रिक्त पदे भरताना, सर्वसाधारण क्षेत्रात दीर्घ सेवा झालेल्या ज्येष्ठांकडूनच सुरुवात होते. म्हणजे पहिल्या टप्प्यांत फायद्याची ठरलेली ज्येष्ठता इथे उलट काम करते. ज्यांची सेवा २०-२५ वर्षांची आहे त्यांनी याची तयारी आधीच ठेवावी.

हरकत कशी घ्यावी

“माझ्यावर अन्याय झाला” असा अर्ज टेबलावर पडून राहतो. तारखांचा अर्ज हलतो. एका पानात चार गोष्टी लिहा: यादीतला तुमचा अनुक्रमांक, छापलेली तारीख, बरोबर तारीख, आणि ती सेवापुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे. त्या पानाची आणि हजर अहवालाची साक्षांकित प्रत जोडा. दुसऱ्या शिक्षकाच्या माहितीवर हरकत असेल तर त्याच्या नावावर टीका न करता कोणता रकाना चुकीचा वाटतो तेवढेच लिहा. अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या.

सेवाज्येष्ठता यादी जिल्हा परिषद दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीवर काढते, आधी तात्पुरती, मग हरकती घेऊन अंतिम. खरी दुरुस्ती तेव्हाच करून घ्यायची असते. बदलीच्या आठवड्यात दहा वर्षांपूर्वीची चूक सुधारायला कोणाकडे वेळ नसतो आणि तुमच्या मागे असलेले लगेच हरकत घेतात. जुनी यादी किंवा आदेश मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. माहिती ३० दिवसांत द्यायची असते, म्हणून हा अर्ज दिवाळीनंतर लगेच टाकलेला बरा. उन्हाळ्यात टाकलात तर उत्तर येईपर्यंत बदल्या होऊन गेलेल्या असतात.

नवीन शाळेत हजर झाल्यावर हजर अहवालावर तारखेसोबत मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर ते लिहून घ्या, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांची सही घ्या आणि महिन्याभरात ती नोंद सेवापुस्तकात झाली का ते गटशिक्षण कार्यालयात जाऊन पाहा. पुढच्या वेळी तुमच्या शाळेतली ५ वर्षे याच नोंदीपासून मोजली जाणार आहेत.